संवेदनशील त्वचेसाठी घरी सौम्य लिक्विड क्लेन्झर कसं करावं?

शेवंती:
चेहरा धुतला की गाल ओढल्यासारखे होतात आणि नाकाच्या कडेला लाली येते. विकतच्या बहुतेक बाटल्यांत सुगंध असतोच, म्हणून घरीच करावं म्हणते. कास्टाइल साबण (वनस्पती तेलाचा साबण) किसून पाण्यात विरघळवायचा, त्यात मध आणि लॅव्हेंडर तेल घालायचं, ही कृती जिथे तिथे दिसते. करू का? नसेल तर काय आणि किती घ्यायचं ते नीट सांगा. वजनकाटा आहे, अनुभव शून्य.

पाणवठा:
ही कृती नका करू. साबण कुठल्याही तेलाचा असो, त्याचा पीएच ९ ते १० च्या आसपास असतो, आणि त्वचेचा साधारण ५. पाणी घालून साबण पातळ होतो, पीएच फारसा उतरत नाही. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून तो उतरवायला गेलात तर साबण दुधासारखा फाटतो: मेदाम्लं सुटी होऊन वर तरंगतात आणि साफ करण्याची ताकद जाते. लॅव्हेंडर तेल तर लाल होणाऱ्या त्वचेवर अजिबात नको. सुगंध टाळायला निघालात आणि तोच बाटलीत घालणार, असं होईल.

रेणुका_र:
पाणवठा यांना अनुमोदन. साबणाऐवजी सौम्य सर्फॅक्टंट, म्हणजे मळ आणि तेल पाण्यात सोडवणारे घटक, घ्या. १०० ग्रॅमसाठी माझं प्रमाण:

डिस्टिल्ड वॉटर ७४ ग्रॅम, ग्लिसरीन ५, झँथन गम ०.८ (दाटपणासाठी), डेसिल ग्लुकोसाइड १० आणि कोकामिडोप्रोपिल बीटेन ८ (हे दोन सर्फॅक्टंट), सोडियम बेंझोएट ०.५ आणि पोटॅशियम सॉर्बेट ०.२ (हे दोन प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे जंतू रोखणारे). उरलेल्या जागेत सायट्रिक अ‍ॅसिडचं २० टक्के द्रावण, लागेल तेवढंच.

यात मुख्य हिशोब सक्रिय भागाचा, म्हणजे त्यातलं पाणी सोडून उरणाऱ्या खऱ्या सर्फॅक्टंटचा आहे. डेसिल ग्लुकोसाइड जेमतेम निम्मं सक्रिय असतं, बीटेन ३० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एकूण सुमारे साडेसात टक्के होतात. नाजूक चेहऱ्याला एवढं पुरे. दोन सर्फॅक्टंट एकत्र घेण्याचं कारणही आहे. त्यांचे मिश्र मायसेल (रेणूंचे गोळके) बनतात, त्वचेला बोचणारे सुटे रेणू कमी उरतात आणि एकट्या सर्फॅक्टंटपेक्षा मिश्रण सौम्य लागतं.

क्रम चुकवू नका. झँथन आधी ग्लिसरीनमध्ये कालवा आणि मग पाण्यात सोडा. थेट पाण्यात टाकलं तर माशाच्या डोळ्यांसारख्या गुठळ्या होतात आणि त्या मोडता मोडत नाहीत. बेंझोएट आणि सॉर्बेट त्याच पाण्यात पूर्ण विरघळवा. मग सर्फॅक्टंट घालून हळू ढवळा, जोरात घुसळलं तर नुसता फेस. सायट्रिक सगळ्यात शेवटी, थेंब थेंब. आधीच आम्ल झालेल्या पाण्यात बेंझोएट टाकलं तर बेंझोइक आम्लाचे पांढरे कण खाली बसतात.

डेसिल ग्लुकोसाइड स्वतः बरंच अल्कधर्मी असतं, त्यामुळे पीएच मोजल्याशिवाय बाटली भरायचीच नाही. ५ ते ५.३ वर आणा. १ ते १४ ची पट्टी इथे कामाची नाही, ४ ते ७ ची बारीक टप्प्यांची घ्या.

शेवंती:
इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार! एकच शंका. प्रिझर्व्हेटिव्ह टाळून व्हिटॅमिन ई घातलं तर?

रेणुका_र:
नाही, ताई. व्हिटॅमिन ई तेल खवट होऊ देत नाही, जंतूंना रोखत नाही. पाणी असलेल्या बाटलीत प्रिझर्व्हेटिव्ह लागतंच. लाल, भेगाळलेल्या त्वचेवर दूषित क्लेन्झर लावणं तर फार वाईट. बेंझोएट-सॉर्बेटची जोडी आम्ल पीएचलाच काम करते, ५.५ च्या वर गेलात की ती दुबळी पडते. म्हणून पीएचबद्दल एवढं बजावते आहे. ही जोडी बुरशी-यीस्टवर चांगली, जिवाणूंवर थोडी कमी, त्यामुळे थोडंच करा आणि लवकर संपवा. वास, रंग किंवा दाटपणा बदलला की फेकून द्या. मध आणि कोरफडीचा ताजा गर घालू नका, जंतूंना आयतं खाणं मिळतं.

दूरचा_डोंगर:
एक गोष्ट राहिली. सौम्य म्हणजे अ‍ॅलर्जी नाहीच, असं नसतं. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने कोकामिडोप्रोपिल बीटेनला २००४ साली आणि अल्काइल ग्लुकोसाइड्सना २०१७ साली 'अ‍ॅलर्जन ऑफ द इयर' ठरवलं होतं. डेसिल ग्लुकोसाइड त्याच कुटुंबातलं. बहुतेकांना दोन्ही चालतात, म्हणून घाबरू नका, पण थेट चेहऱ्यावर जाऊ नका. कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा लावा, चेहऱ्यावर ठेवाल तेवढाच वेळ ठेवून धुवा, आणि हे सात ते दहा दिवस करा. खाज, पुरळ उठलं की थांबा.

आणि आता, काहीही न करता गाल लाल राहत असतील, साली निघत असतील, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. रोझेशिया किंवा एक्झिमा असेल तर नुसता क्लेन्झर बदलून भागत नाही.

पाणवठा:
फेस कमी आला म्हणून सर्फॅक्टंट वाढवू नका. फेसाचा आणि स्वच्छतेचा तसा संबंध नाही. सकाळी नुसतं कोमट पाणी आणि क्लेन्झर फक्त रात्री, असं करून पाहा. ओढल्यासारखं वाटणं त्यानेही बरंच कमी होतं.

शेवंती:
आधी डॉक्टरांना दाखवते, साली निघतात खऱ्या. तोवर पट्ट्या आणि डेसिल ग्लुकोसाइड मागवून ठेवते. काट्यावर ०.१ ग्रॅमपर्यंत दिसतं, चालेल ना?

रेणुका_र:
१०० ग्रॅमला सॉर्बेट ०.२ म्हणजे अशा काट्यावर चूक मोठी होते. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा मिळाला तर उत्तम. नाहीतर सॉर्बेटचं १० टक्के द्रावण करा आणि त्यातलं २ ग्रॅम घ्या; पाणी मग ७४ ऐवजी ७२.२ ग्रॅम.