‘छपरी’, ‘टपोरी’, ‘फर्स्ट कॉपी’: सबटायटलात काय लिहावं?

जास्वंद

एका कॉलेजातल्या मुलांनी मुंबईतल्या हिप-हॉपवर छोटा माहितीपट केलाय. धारावी, कुर्ला, अंधेरी इथली रॅप आणि ब्रेकिंग (ब्रेकडान्स) करणारी पोरं, त्यांचे कपडे, त्यांनी रंगवलेल्या भिंती. त्याची मराठी सबटायटलं मी करतेय. एका वाक्याशी गाडं अडलंय. कुर्ल्याचा एक मुलगा म्हणतो, ‘‘पैले फर्स्ट कॉपी पेहना तो छपरी बोलते थे, अभी वोइच लोग पूछते, किधर से लिया.’’ फर्स्ट कॉपी म्हणजे मोठ्या ब्रँडच्या मालाची हुबेहूब प्रत.

सोबत काम करणारी मैत्रीण म्हणते, ‘टपोरी’ लिही, सगळ्यांना कळेल. मला ते पटत नाही. टपोरीपणा वागण्याबोलण्यात असतो. नाक्यावर उभं राहायचं, आवाज चढवायचा, वरची दोन बटणं उघडी. टपोरीला लोक थोडे टरकतात. छपरीला कोणी टरकत नाही, त्याच्याकडे बघून नाक मुरडतात. केस रंगवले, पँट घट्ट, गॉगल मोठा, एवढ्यावर माणूस छपरी ठरतो. संपादकाचं तिसरंच: शब्द जातीवाचक आहे, काढून टाक. ‘भडक’ लिहिलं तर ते कपड्यांना लागतं, माणसाला नाही. ‘उनाड’मध्ये प्रेम डोकावतं. तुम्ही काय लिहाल? जागा दोन ओळींचीच आहे.

गिरगावकर

शब्द अस्सल मराठी आहे, आधी हे मान्य करू. छप्पर, त्याचं छोटं रूप छपरी. घराच्या मागच्या बाजूला उतरतं छप्पर काढून केलेली जागा ती छपरी. लावणीत छपरी पलंग येतो, तो वर छत असलेला, श्रीमंताघरचा. ओठांवर उतरलेल्या भरघोस मिशा त्या छपरी मिशा. इतका देखणा शब्द, आणि रील बघणाऱ्या पिढीने त्याची शिवी केली. हा अर्थ हिंदीतून आला आहे आणि तो आपण शिरू देऊ नये.

तुमच्या वाक्याला ‘छचोर’ चपखल बसतो. नाहीतर ‘छंदीफंदी’ आहे. मराठी काही ओस पडलेली नाही.

कुर्ला७०

काका, छचोर कोण बोलतं? माझ्या आजीने पण नाही वापरला कधी. तो मुलगा बोलतोय ते त्याला ज्या शब्दाने मारलं त्याबद्दल. मारणाऱ्याचा शब्द बदलला तर मार पण बदलला ना. ठेवा छपरी.

आणि छचोरमध्ये पोरीबाळींच्या मागे लागणारा असा वास येतो. हा बिचारा फक्त जॅकेट घालून फिरत होता.

पडवी

जास्वंदताई, संपादकाचं म्हणणं उडवून लावू नका. छप्परबंद नावाचा समाज आहे, महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. नावावरून धंदा कळतो, छपरं शाकारणं. इंग्रजांनी त्यांच्यावर खोटी नाणी पाडणारे म्हणून शिक्का मारला, १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांच्या जाचात ते आले. ते कायदे १९५२ साली गेले, शिक्का मात्र कितीतरी दिवस पाठीवर राहिला. ‘छपरी’ हा त्याच नावाचा तुकडा आहे असं त्या समाजातले आणि इतरही अनेक लोक म्हणतात.

मी व्युत्पत्तीची शपथ घेणार नाही. गिरगावकर म्हणतात तसा तो सरळ छपरावरूनही आला असेल, छपराखाली राहणारा, म्हणजे झोपडीतला, या अर्थाने. पण दोन्ही वाटांनी गेलात तरी पोचता एकाच ठिकाणी: ज्याच्या डोक्यावर स्लॅब नाही त्याला हिणवायचं. त्यामुळे ‘फक्त फॅशनबद्दलचा शब्द आहे’ हे मला मान्य नाही.

गिरगावकर

पडवी, माहितीबद्दल आभार. पण त्या न्यायाने ‘गावठी’, ‘गावंढळ’, ‘खेडवळ’ सगळेच काढावे लागतील. कोशात उरेल काय?

पडवी

काढा असं मी म्हटलंच नाही. त्या मुलाच्या तोंडी ठेवा, तो त्याचा हक्क आहे. निवेदकाच्या तोंडी येऊ देऊ नका. सबटायटलात अवतरणचिन्हं घाला, म्हणजे शब्द दुसऱ्याचा आहे हे दिसतं.

शब्दवेडा

टपोरीबद्दल थोडं. मी तो टपोऱ्याशी जोडतो. टपोरे डोळे, टपोरा मोगरा, टपोरे दाणे, म्हणजे भरलेलं, उठून दिसणारं. जो घोळक्यात उठून दिसतो तो टपोरी. काहीजण टपरीकडे बोट दाखवतात, चहाच्या टपरीवर पडीक असलेला. मला पहिली वाट जास्त आवडते.

तिसरा भाऊ मवाली. तो अरबीतून आला, मौलाचं अनेकवचन, आश्रित लोक. अरब नसलेले, कुणातरी अरब टोळीच्या आश्रयाने राहणारे. म्हणजे तिथेही ‘आपल्यातला नाही’ हाच अर्थ. आणि बघा, ‘स्वदेसी’ या मुंबईच्या गटातल्या एका रॅपरने एमसी मवाली हेच नाव घेतलं. शिवी उचलून नाव म्हणून लावली की समोरच्याच्या हातात काही उरत नाही.

अवांतर: ही पोरं गोल करून एकापाठोपाठ एक रॅप करतात त्याला ‘सायफर’ म्हणतात. सायफर आला अरबी ‘सिफ्र’वरून, आणि सिफ्र म्हणजे रिकामं, आपल्या ‘शून्या’चं अरबांनी केलेलं भाषांतर. न्यूयॉर्कच्या फाइव्ह पर्सेंटर या कृष्णवर्णीयांच्या पंथातल्या लोकांनी शून्याचा आकार घेतला, गोल, आणि तिथून तो शब्द रॅपवाल्यांकडे गेला. शून्य इथून निघालं आणि धारावीत गोल होऊन परत आलं.

कुर्ला७०

हे भारी आहे. आमच्या पोरांना सांगतो आज.

माझगाव_डॉकयार्ड

सगळे छपरीच्या मागे लागलेत, पण वाक्यातला अवघड शब्द ‘फर्स्ट कॉपी’ आहे. त्याचं ‘नक्कल’ किंवा ‘बनावट’ करू नका, कळकळीने सांगतो. मी कपड्यांच्या धंद्यात आहे. फॅशन स्ट्रीट, लिंकिंग रोड, हिल रोड, कुठेही विचारा, फर्स्ट कॉपी हा दर्जा आहे. शिलाई बघतात, झिप बघतात, धुतल्यावर रंग जातो का बघतात. ती मूळ नाही हे विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला ठाऊक. फसवणूक नाहीच त्यात. ‘बनावट’ म्हटलं की फसवणूक आली.

आणि हिप-हॉपच्या कपड्यांचा इतिहास ज्याला ठाऊक आहे तो कॉपीला हलकं म्हणूच शकत नाही. मुळात ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्कने ज्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या, ती त्याच्या बहिणीने, सिंडीने ठेवली होती. कशासाठी? शाळा सुरू व्हायची होती आणि तिला नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट तिकीट. हिप-हॉपचा वाढदिवस म्हणून जग जो दिवस पाळतं तो कपड्यांच्या पैशासाठीचा दिवस आहे. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

पुढे न्यूयॉर्कच्याच हार्लेममध्ये डॅपर डॅन हा कपडे शिवणारा. १९८२ मध्ये १२५व्या रस्त्यावर दुकान काढलं, रात्रंदिवस उघडं. मोठमोठ्या युरोपियन कंपन्यांची चिन्हं तो स्वतः चामड्यावर छापायचा आणि त्या कंपन्यांनी कधी शिवली नव्हती अशी जॅकेटं शिवायचा. ते घालून रॅपर आले, मुष्टियोद्धे आले. कंपन्यांनी कोर्टकचेऱ्या केल्या, धाडी घातल्या, १९९२ ला दुकान बंद. मग २०१७ मध्ये गुची या इटालियन कंपनीने फॅशन शोमध्ये एक जॅकेट आणलं, ते सरळ त्याच्या जुन्या जॅकेटसारखं. लोक खवळले. शेवटी गुचीने त्याच्याशी हातमिळवणी केली आणि २०१८ मध्ये हार्लेममध्ये त्याचं दुकान पुन्हा उघडलं.

म्हणून त्या कुर्ल्याच्या मुलाचं वाक्य मला नेमकं वाटतं. तो नुसतं गाऱ्हाणं घालत नाहीये, कपड्याच्या धंद्याची गोष्ट सांगतोय. माल खालून वर जातो. गरिबाने घातला तर कॉपी, तोच वरच्याने उचलला तर फॅशन. आमच्या लहानपणी उल्हासनगरच्या जीन्सला लोक हसायचे, लेबलावरच्या यूएसएचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा लावायचे. पण शिवणारे हात तेच होते, आणि त्या हातांना माप कळत होतं.

तर: ‘फर्स्ट कॉपी’ तसंच ठेवा.

जास्वंद

माझगाव, सिंडीची गोष्ट मी दिग्दर्शकाला कळवतेय, आभार. ‘फर्स्ट कॉपी’ तसंच ठेवते. छपरी अवतरणात ठेवायचं पडवींचं म्हणणंही पटतंय. पण मुंबईबाहेरच्या वयस्क प्रेक्षकाला अवतरणातला छपरी कळेल का? त्याला पलंगच आठवेल ना?

डफतुणतुणे

तो प्रश्न बाजूला ठेवून बोलतो. वर कुणीच म्हटलं नाही म्हणून म्हणतो: रॅपला रॅप का म्हणायचं? हा पोवाडाच आहे. डफाच्या ठेक्यावर वेगाने म्हणायचा मजकूर, श्वास कुठे घ्यायचा त्याचं गणित, श्रोत्याला अंगावर घेणं. लाल बावटा कलापथकात अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर गिरणगावात हेच करत होते, १९४४ पासून. ब्राँक्सच्या एकोणतीस वर्षं आधी. आंबेडकरी जलसे त्याहून जुने. आपल्या पोरांना हे सांगितलं तर ती परक्याचे कपडे कशाला घालतील?

कुर्ला७०

काका, आदर आहे, पण हे दर वेळी ऐकतो आणि दर वेळी वाईट वाटतं. आम्ही काही केलं की ‘हे आमच्याकडे होतंच’. पोवाडा दुसऱ्याचा असतो, वीराचा. शाहीर त्याची कीर्ती गातो. रॅपमध्ये मी माझं नाव, माझा पिनकोड घेऊन उभा राहतो. नेझी आणि डिवाइन या रॅपरांचं बघा. कुर्ला ४०० ०७०, जे. बी. नगर ४०० ०५९, तेच आकडे गाण्यात आले. माझ्या नावातला ७० तिथलाच. ज्या पत्त्यावरून नोकरीच्या मुलाखतीत तोंडं वाकडी होतात तोच पत्ता मी माइकवर ओरडून सांगतो. हे पोवाड्यात कुठे आहे?

आणि कपडे परके म्हणता तर डफही कुठून तरी आलाच की.

डफतुणतुणे

डफ शब्दही अरबीतला, मान्य. पण ‘मी’ नाही हे चुकीचं आहे. शाहीर शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो, गुरूचं घेतो, गावाचं घेतो. ‘अमुक शाहीर म्हणे’ ही सही असते. तुमचा पिनकोड तो आमचा गाव.

शब्दवेडा

नावांवरून आठवलं. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर मराठीत रॅप करतो, नाव लिहितो शंभरचा आकडा आणि पुढे आरबीएच. आकडा हिंदीत ‘सौ’ वाचायचा, मग अक्षरं, की झाला सौरभ. तीन भाषा आणि एक आकडा मिळून एक मराठी नाव. भाषाशुद्धीवाल्यांनी याचं काय करायचं?

गिरगावकर

भाषाशुद्धीवाल्याने तो चांगलं मराठी गातो का एवढं बघायचं. मी त्याला ऐकलं आहे. वऱ्हाडी बोलीचा ठेका तो वाया घालवत नाही. नाव काहीही असो. माझा राग मराठी असताना न वापरण्यावर आहे, मिसळीवर नाही.

माझगाव_डॉकयार्ड

मग ‘छचोर’चा आग्रह सोडा.

गिरगावकर

सोडला नाही. सबटायटल वाचणाऱ्यासाठी असतं, बोलणाऱ्यासाठी नाही.

कुर्ला७०

इथेच आपलं जमत नाही.

तळकोकण_परळ

पोवाडा सोडा, शक्ती-तुराही थोडा लांबचा. रॅप बॅटलला, म्हणजे दोन रॅपरांच्या सामन्याला, आपल्याकडे एकच शब्द आहे, डबलबारी, भजनाचा सामना. दोन बुवा, दोन पेट्या, दोन पखवाज, समोरासमोर. एकाने गजरात टोमणा मारला की दुसऱ्याने तिथल्या तिथे, त्याच रात्री, उत्तर द्यायचं. उशीर झाला तर मंडप हसतो. सिंधुदुर्गातले चाकरमानी मुंबईत रात्र जागवून ऐकतात. रॅपमध्ये समोरच्याला हिणवतात त्या ‘डिस’ला मराठी शब्द शोधत बसण्यापेक्षा ‘टोमणा’ घ्या, ‘बॅटल’ला ‘बारी’ घ्या. ‘आज धारावीत बारी आहे’, किती छान वाटतं.

डफतुणतुणे

शक्ती-तुरा लांबचा कसा? शक्तीवाले आणि तुरेवाले, शक्ती मोठी की शिव मोठा यावर पिढ्यान्‌पिढ्या सवाल-जवाब चाललेत. सवाल टाकायचा आणि समोरच्याला अडकवायचं, हेच बॅटलचं मर्म. डबलबारी भजनाची आहे. तिथे आधी रूपावली, मग अभंग, मग गवळण, टोमणे येतात शेवटी गजरात. देवाला वंदन केल्याशिवाय बुवा तोंड उघडत नाही. ते नाव रॅपला लावलं तर बुवांना आवडेल का, विचारलंत?

तळकोकण_परळ

विचारतो. आमच्या वाडीतले बुवा गणपतीला येतात तेव्हा विचारतोच. पण शक्ती-तुऱ्यात विषय आधीपासून ठरलेला, शास्त्र-पुराण पाठ लागतं. बारीत बुवा समोरच्या बुवाच्या घरापर्यंत जातो, त्याच्या आवाजापर्यंत, सदऱ्यापर्यंत. सदऱ्यावरून टोमणा मारतात हो, मी स्वतः ऐकलंय. म्हणून बारी.

कुर्ला७०

सदऱ्यावरून? मग एखादी रेकॉर्डिंग द्या ना. बारी शब्द आवडला, पण आधी ऐकू दे.