सी६/३६ पेशींवर पीएचडी: यात विषाणूशास्त्र किती आणि देखभाल किती?

मीनल_सांगली
मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी झालंय. पीएचडीसाठी एका लॅबमधून बोलावणं आलंय. विषय आहे, डासाच्या पेशींत चिकुनगुन्याचा विषाणू टिकून कसा राहतो. पहिलं वर्ष सी६/३६ ही सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये सतत वाढवत ठेवलेल्या डासाच्या पेशी, सांभाळण्यातच जाईल, असं गाइडनी आधीच सांगितलंय. कॉलेजमधले सर म्हणतात, "दिवसभर मीडिया (पेशींचं पोषक द्रव) बदलत बसशील, त्यापेक्षा सीक्वेन्सिंग (जनुकांचा अक्षरक्रम वाचणं) कर." ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा.

फ्लास्क_२८_अंश
मीनल, मी ३१ वर्षं सेल कल्चरमध्ये काढली. जरा सविस्तर लिहितो.

तुझ्या पेशींचं माहेर पुणं आहे. १९६७ साली पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत), डॉ. के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टस डासाच्या अळ्यांपासून त्या वाढवल्या. एडिस इजिप्तीच्याही वाढवल्या. 'करंट सायन्स'मध्ये लहानसा लेख आला. पुढे १९७८ साली जपानच्या अकिरा इगाराशींनी त्यातूनच डेंगी आणि चिकुनगुन्या जोमाने वाढतील असा एक क्लोन, म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेला वाण, वेगळा काढला. तोच सी६/३६. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच सिंग यांचं नाव आहे. आज जगभर डेंगीचा विषाणू या पेशींत वाढवतात. त्याआधी उंदराच्या दूधपित्या पिल्लांच्या मेंदूत नमुना टोचून दिवसचे दिवस वाट बघायची, अशी रीत होती.

आता देखभालीचं. सिंग यांच्या एकच वर्ष आधी ऑस्ट्रेलियात थॉमस ग्रेस यांनी इजिप्तीची सेल लाइन जाहीर केली होती. पुढे तपासल्यावर त्या पेशी डासाच्या नव्हेत, पतंगाच्या निघाल्या. एवढ्या मोठ्या माणसाच्या बाबतीत हे झालं. म्हणून फ्लास्कवरची चिठ्ठी, पॅसेज नंबर (पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये घातल्या तो आकडा), तारीख ही कारकुनी समजू नकोस. ती चुकली तर तुझा विषाणू कुठल्या प्राण्यात वाढला हेच तुला सांगता येणार नाही.

२००६ ची चिकुनगुन्याची साथ आठवते. माझ्यासोबत तुझ्याच वयाची एक मुलगी होती. सी६/३६ मध्ये नमुना टाकून तिने पाच दिवस मायक्रोस्कोपखाली पाहिलं. पेशी गोल, टवटवीत, तळाला सैल चिकटलेल्या. काहीच बिघडलेलं नाही. वहीत 'निगेटिव्ह' लिहून ती फ्लास्क टाकायला निघाली. मी थांबवलं. वरचं पाणी काढून व्हेरोवर, म्हणजे माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर, टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी व्हेरोचा सगळा थर फाटून पेशी तरंगत होत्या. विषाणू एकच. माकडाच्या पेशी मारतो आणि डासाच्या पेशीत बिऱ्हाड करून राहतो. ती मुलगी कितीतरी वेळ दोन्ही फ्लास्क आळीपाळीने बघत होती. तुझा विषय नेमका तिथेच आहे, बाई. रोज पेशी पाहणाऱ्यालाच असा प्रश्न सुचतो. सीक्वेन्सिंग वाईट नाही, तेही शिक. पण सीक्वेन्स करायला विषाणू आधी कुणीतरी वाढवलेला असतो.

आरएनए_वाली
काकांच्या लिहिण्यात एक भर. सी६/३६ मध्ये विषाणू इतका का माजतो, याचं एक मोठं कारण २०१० मध्ये कळलं. या पेशींतलं डायसर-२ नावाचं एन्झाइम निकामी आहे. विषाणूचा आरएनए कापून त्याला आवरणारं डासाचं हत्यारच नाही म्हटल्यावर विषाणूला मोकळं रान मिळतं. मीनल, 'टिकून राहणं' हा विषय असेल तर एकट्या सी६/३६ वर निष्कर्ष काढू नकोस. यू४.४ या पेशीही सिंग यांच्याच मूळ पेशींतून आल्यात आणि त्यांच्यात डायसर-२ चालतं. दोन्ही शेजारी ठेव. गाइडना हे आधीच विचार.

मीनल_सांगली
पुण्याचं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. सोमवारी गाइडना यू४.४ बद्दल विचारते. काका, पहिल्या आठवड्यात काय करू?

फ्लास्क_२८_अंश
पेशी हातात आल्या की प्रयोग नको. वाढव आणि निदान दहा व्हायल लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेव, दोन वेगळ्या टाक्यांत. एका रात्री आमची एक टाकी कोरडी पडली आणि चार वर्षांचा साठा गेला, तेव्हा दुसरी टाकी नव्हती. आणि पेशी सोडवायला ट्रिप्सिन (चिकटलेल्या पेशी सुटे करणारं एन्झाइम) वापरू नकोस, या पेशी फ्लास्कला हलकी टिचकी मारली तरी सुटतात.