शब्दचर्चा : भुयारी नगरीतल्या तोंड झाकलेल्या व्यापारी सत्ताधीशांना काय म्हणावं?

लेखनिक :
मित्रांसोबत खेळायच्या एका कथाखेळासाठी नगरी रचतो आहे. जमिनीखालची, टोकदार कमानींची, गॉथिक वळणाची. तिथे राजा नाही. मूठभर व्यापारी कारभार बघतात. त्यांची तोंडं कुणी पाहिलेली नाहीत, कारण ते डोक्यापासून पायापर्यंत कापडात असतात. तेल, मीठ, चामडं, लाकूड, अगदी वरून खाली सोडली जाणारी हवासुद्धा त्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. खेळ पूर्ण मराठीत खेळायचा आहे आणि गाडी नावांपाशी अडली आहे. ‘वणिकाधीश’, ‘व्यापारसम्राट’, ‘तमोनगरीचे स्वामी’ ही नावं कागदावर भारदस्त दिसतात, पण मोठ्याने उच्चारली की त्यांची भीती वाटत नाही. या मंडळींसाठी, त्यांच्या अंगावरच्या कापडासाठी, नगरीसाठी आणि त्यांच्या परवानगीच्या कागदासाठी शब्द सुचवा.

कोशवाचक :
भीती वाटत नाही, कारण हे शब्द कुणाच्याही तोंडचे नाहीत. ‘वणिकाधीश’ म्हणून कुणी कधी कुणाला हाक मारली नाही, की कुणी कुणाला त्या नावाने दबकून राहिलं नाही. बाजारातले रोजचे शब्द घ्या. जिथे पैसा देणं-घेणं आहे, तिथे धास्तीही त्याच शब्दांत असते.

‘शेट’पासून सुरुवात करू. संस्कृत श्रेष्ठी, पाली सेट्ठि, मग शेटी, शेट. मुळात अर्थ ‘सर्वांत वरचा’. मराठेशाहीत पेठेला शेट्ये आणि महाजन असे वतनदार असत. शेट्या हा व्यापाऱ्यांचा पुढारी. नवी पेठ वसवायची तर उदमी म्हणजे व्यापारी बोलावून आणायचे, त्यांना जागा द्यायच्या, तंटे मिटवायचे आणि त्या बदल्यात हक्क घ्यायचा, ही त्याची कामं. म्हणजे व्यापार आणि अधिकार एकाच माणसात असणं या शब्दाला नवं नाही. अडचण अशी की आज ‘शेट’ फार जवळचा, गल्लीतला झाला आहे.

‘सावकार’ म्हटलं की व्याज आणि गहाण डोळ्यांपुढे येतं. तुमची माणसं केवळ कर्ज देत असतील तरच तो घ्या. ‘महाजन’ला ‘महाजनो येन गतः स पन्थाः’मधली थोरवी चिकटली आहे. ‘वाणी’ व्यवसायाचं आणि जातीचं नाव आहे, तिकडे जाऊच नका.

माझी पसंती ‘धनी’ला. श्रीमंत तोही धनी, मालक तोही धनी. ‘धन्याला कण्या, चोराला मलिदा’ म्हणताना दोन्ही अर्थ एकदम बोलतात. नगरीतला हमाल, दिवाबत्तीवाला, नोकर तुमच्या या झाकलेल्या मंडळींना ‘धनी’च म्हणेल.

पेठकरी :
‘धनी’ घरचा शब्द आहे. समोर उभं राहून हाक मारायला तो ठीक, पण नगरीच्या कागदपत्रांत काय लिहाल? मी ‘मक्तेदार’ म्हणेन.

मक्ता म्हणजे ठरावीक रक्कम भरून घेतलेला वसुलीचा किंवा विक्रीचा हक्क. तो ज्याच्याकडे तो मक्तेदार. आपण ‘मक्तेदारी’ इतकी सरसकट वापरतो की त्यातला व्यवहार विसरलो आहोत: मक्ता कुणीतरी दिलेला असतो. मक्तेदाराच्या वर नेहमी कुणीतरी असतं. लेखनिक, तुमच्या नगरीत या झाकलेल्या माणसांना कागदोपत्री ‘मक्तेदार’ म्हटलं, तर चौकस खेळाडू पहिल्याच दिवशी विचारेल, “यांनी मक्ता घेतला कुणाकडून?” तुम्हाला गूढ वेगळं रचावं लागणार नाही, ते शब्दातच आहे.

आणि ही नुसती कल्पना नव्हे. पोलंडमधली व्येलिच्काची मिठाची खाण बघा. 13व्या शतकापासून तिथे जमिनीखालून मीठ काढलं गेलं आणि खाण 327 मीटर खोल गेली. आत मिठात कोरलेली प्रार्थनागृहं आहेत, मिठाच्या स्फटिकांची झुंबरं आहेत. मालकी राजाची, पण कारभार बघणारा ‘झुपनिक’ पुष्कळदा क्राकोवचा कुणी धनाढ्य व्यापारी असे. तो रक्कम भरून खाण चालवायला घेई. जमिनीखालच्या नगरीवर चालणारी व्यापाऱ्याची हुकमत म्हणतात ती हीच, आणि मराठीत तिला मक्ताच म्हणावं लागेल.

लेखनिक :
‘मक्तेदार’ हा शब्द मला रोज ऐकूनही असा दिसला नव्हता. पण एक शंका आहे. हे लोक एकेकटे नाहीत, मंडळ आहे. त्या मंडळाला काय म्हणायचं? आकड्याने नाव द्यावं का, ‘ते नऊ’ वगैरे?

कोशवाचक :
आकड्याला आधार आहे. 1602 साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचं संचालक मंडळ ‘सतरा सद्गृहस्थ’ याच नावाने ओळखलं जाई. व्हेनिसमध्ये 1310 पासून ‘दहांची परिषद’ होती. दोन्ही ठिकाणी आकडा हेच पद. माणसं बदलत, आकडा तोच राही. व्हेनिसने तर 1297 साली महापरिषदेचं दार नव्या घराण्यांना जवळजवळ बंदच करून टाकलं होतं. तिथल्या दोजेंच्या, म्हणजे नगरप्रमुखांच्या, राजवाड्यात भिंतींवर सिंहमुखं आहेत. त्यांच्या उघड्या जबड्यातून कुणाविरुद्धची तक्रार आत टाकायची आणि ती पोचायची या मंडळींपर्यंत. तुमच्या नगरीला असा जबडा शोभेल.

पण मराठीत आकडा घेताना जरा जपून. ‘पंच’ म्हटलं की न्यायनिवाडा आला, पाचामुखी परमेश्वर आला. ‘बारभाई’ म्हटलं की पेशवाईतलं कारस्थान आठवतं, आणि बोलण्यात ‘बारभाई कारभार’ म्हणजे दहाजण हुकूम सोडणारे आणि जबाबदार कुणीच नाही असा गोंधळ. तुमच्या मंडळाचा दरारा हवा असेल तर बारा हा आकडा टाळाच.

मला स्वतःला ‘निगम’ हा शब्द फार मोलाचा वाटतो. आज तो सरकारी महामंडळाच्या पाटीवरचा झाला, पण प्राचीन काळी निगम म्हणजे व्यापाऱ्यांची वस्ती, त्यांचा संघ. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे त्यांच्या व्यवसायसंघांकडे, त्याने रक्कम ठेवली. एकीकडे 2000 कार्षापण (त्या काळचं नाणं) दरमहा शेकडा 1 व्याजाने, दुसरीकडे 1000 कार्षापण शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज भिक्षूंसाठी वापरायचं. हे सगळं ‘निगमसभे’त जाहीर झालं, असं तो लेख सांगतो. अशा ठेवीचं नाव ‘अक्षयनीवी’. ठेवणारा गेला, त्याचं राज्य गेलं, तरी श्रेणीने व्याज देत राहायचं. व्यापारी संघ राजापेक्षा जास्त टिकेल, ही खात्री त्या एका शब्दात आहे. डोंगराच्या पोटात, दगडावर कोरलेला व्याजदर! नगरीच्या तळाशी एखादी अक्षयनीवी असू द्या, जिचं व्याज कुणाला जातं हे कुणालाच ठाऊक नाही.

अव्ययी :
चर्चा सत्तेवर रंगली, पण मूळ प्रश्नातलं कापड राहिलंच. झगा, अंगरखा, कफनी, बुरखा, घोंगडी, झूल, कुंची, खोळ, इतके शब्द आहेत. कफनी बैराग्याची. बुरख्याला आज वेगळाच संदर्भ. ‘झूल’ बैलाच्या पाठीवरची, शिवाय ‘मोठेपणाची झूल’ म्हणताना आत पोकळ काहीतरी असल्याची सूचना असते. झगा डोकं झाकत नाही. कुंची डोकं झाकते, पण ती तान्ह्या मुलाची.

मी ‘खोळ’ सुचवते. पावसाथंडीत घोंगडीची एक बाजू दुमडून डोक्यावरून घेतात ती खोळ. उशीचा अभ्रा तीही खोळ. म्हणजे माणूस आत असलेलं पांघरूण आणि आत काहीही भरता येईल अशी पिशवी, हे दोन्ही. याहून नेमका शब्द मला दिसत नाही.

पेठकरी :
खोळ उत्तम. त्यावरून एक आठवलं. मराठीने व्यापारी सत्ताधीशांना डोक्यावरच्या वस्त्रावरून नाव देऊन झालेलं आहे: टोपीकर. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठेशाहीतल्या राजनीतीवरच्या ग्रंथात, हा शब्द नुसत्या वर्णनासाठी येत नाही, इशारा म्हणून येतो. फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच) वगैरे टोपीकर सावकारी करतात खरे, पण ते इतर सावकारांसारखे नव्हेत. त्यांच्या पाठीशी राज्य करणारे खावंद, म्हणजे धनी, आहेत, म्हणून त्यांना जागा देताना सांभाळून असावं, असा त्याचा आशय. दुकान मांडून बसलेला माणूस आणि त्याच्या मागे न दिसणारा धनी, हे 18व्या शतकाच्या आरंभी एका मराठी मुत्सद्द्याने ओळखलं होतं. तुमचे ‘खोळकर’ त्याच साच्यात बसतात.

अव्ययी :
‘खोळकर’ कानाला ‘होळकर’ वाटतं. खेळताना कुणीतरी हसणार आणि सगळा माहोल जाणार. ‘खोळवाले’ म्हणा. नाहीतर नुसतं ‘खोळ’: “आज बाजारात खोळ आली होती.” पगडीचं असंच झालं ना? डोक्यावरचं वस्त्र होतं, ते जागेसाठी हातावर ठेवायच्या रकमेचं नाव झालं.

या ‘खोळ आली’मध्ये मला व्याकरणाचा फायदाही दिसतो, आणि तो या सगळ्या चर्चेत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मराठीत क्रियापद लिंग सांगून टाकतं. ‘खोळ आली’ म्हटलं की ते लिंग कापडाचं, आतल्या माणसाचं नव्हे. ‘तो आला’, ‘ती आली’. तोंड झाकलेला माणूस पुरुष की स्त्री हे ठाऊक नसताना वाक्य कसं करणार? आदरार्थी ‘ते आले’ म्हटलं की ऐकणारा पुरुषच धरतो. मग भाषा काय करते ते बघा. दार वाजलं की आपण विचारतो, “कोण आलं?” अंधारात चाहूल लागली की म्हणतो, “कोणीतरी उभं आहे.” ओळख पटेपर्यंत मराठी माणसाला नपुंसकलिंगात ठेवते. ओळख पटली की लगेच ‘अरे, तू होतास!’ तुमच्या खोळवाल्यांची ओळख कधीच पटत नाही, तेव्हा त्यांच्याबद्दल नगरीतली माणसं कायम ‘आलं’, ‘बसलं’, ‘बोललं’ असंच म्हणतील. “मिठाच्या गोदामात कुणी बसलंय, भाव विचारून ये.” यात एकही भीतिदायक शब्द नाही, तरी अंगावर काटा येतो.

लेखनिक :
हे मी उचललंच! आता नगरी राहिली. ‘भूमिगत’ लिहिलं की 1942 ची चळवळ किंवा गटार आठवतं. ‘पाताळ’ म्हटलं की बळी आणि नाग. आणि ‘गॉथिक’चं काय करू?

कोशवाचक :
‘गॉथिक’ तसाच ठेवा, फक्त नगरीतल्या कुणाच्या तोंडी घालू नका. इटलीच्या प्रबोधनकाळातल्या लोकांनी मधल्या युगाच्या इमारतींना रानटी ठरवण्यासाठी गॉथ टोळ्यांचं नाव वापरलं. पुढे 1764 मध्ये इंग्रजीत एक भयकथा आली, तिच्या दुसऱ्या आवृत्तीवर ‘गॉथिक कथा’ असं छापलं गेलं आणि शब्द साहित्यात आला. राहणारा माणूस स्वतःच्या कमानीला गॉथिक म्हणत नाही.

खरी गोष्ट त्या बांधणीच्या हेतूची आहे. पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या चर्चचा 1144 साली पूर्ण झालेला भाग गॉथिकचा आरंभ मानतात. तिथे धडपड होती ती उंचीसाठी आणि उजेडासाठी. टोकदार कमान भार खाली नेते, भिंतीचं काम हलकं होतं आणि तिथे रंगीत काचा बसवता येतात. तीच बांधणी जमिनीखाली नेली की काचेमागे सूर्य उरत नाही, कुणीतरी दिवा लावावा लागतो. मग तेलाचा मक्तेदार ठरवणार सकाळ किती वाजता होते. त्या नगरीत ‘उजाडलं’ म्हणत नसतील, ‘लावलं’ म्हणत असतील.

पेठकरी :
नगरीला ‘तळपेठ’ म्हणा. पेठ म्हणजे व्यापारासाठीच वसवलेली वस्ती, आणि तळ म्हणजे बूड, तळ म्हणजे मुक्कामही. ‘तळपट’ हा शापही कुठेतरी कानात राहतो.

परवानगीच्या कागदासाठी परवाना, दस्तक, सनद हे सगळे चालतील, पण ‘कौल’ घ्या. पेठ वसवताना उदम्यांना अभयाचा कागद दिला जाई, तो कौल. देवाला लावतात तोही कौल, आणि तिथे उत्तर उजवं मिळेल की डावं हे आपल्या हातात नसतं. तळपेठेत दुकान उघडायचं तर खोळवाल्यांचा कौल लागतो, एवढं वाक्य पुरे. अर्ज केला की नवस केला, खेळाडूला ठरवू दे.

भावाची बोलणी मात्र तोंडाने ठेवू नका. ‘करपल्लवी’ आहेच. गुरांच्या बाजारात हेडे, म्हणजे गुरांचे व्यापारी, ती अजून वापरतात, इराणी आखातातले मोत्यांचे व्यापारीही वापरत. दोघांच्या हातांवर कापड टाकायचं, आत एकाने दुसऱ्याची बोटं धरायची. किती बोटं, कोणतं पेर दाबलं, यावर भाव. भोवती माणसं उभी असतात आणि कुणाला काही कळत नाही. खोळीच्या आत हात घालून भाव करायचा, आणि आत नेमकी किती बोटं हाताला लागली हे खेळाडूला मोजायला लावा.

लेखनिक :
तर मग असं धरतो. सनदी कागदांत ‘मक्तेदार’, नोकराच्या तोंडी ‘धनी’, रस्त्यावर ‘खोळ’. क्रियापद कायम नपुंसकलिंगी, फक्त ‘खोळ’ स्त्रीलिंगी. नगरी तळपेठ, कागद कौल, तळाशी अक्षयनीवी. सुरुवातीचं वाक्य सध्या असं केलं आहे:

“दिवे लावायच्या आधी कुणी आलं होतं. धन्यांपैकीच असावं. कौल टेबलावर ठेवून गेलंय, मक्त्याची रक्कम मात्र कुणाच्या नावे भरायची ते लिहिलेलं नाही.”

‘धन्यांपैकीच असावं’ खटकतंय का, की राहू दे?

अव्ययी :
राहू द्या. ‘टेबल’ काढा, ‘घडवंची’ करा.