चिंटूला वादळ बघायचंय (फॅमिली ग्रुप)

चिंटू (कॅन्सस): सगळ्यांना कळवतोय, शनिवारी गुडलंडला चाललोय, इथलंच पश्चिम टोकाचं गाव. ब्लिझर्ड येतंय, तेही एप्रिलमध्ये!

आत्या: काय येतंय?

चिंटू: हिमवादळ गं. वारा ताशी ५६ किमीच्या वर, पाव मैलापलीकडचं दिसत नाही आणि हे किमान तीन तास चालतं, तेव्हाच ब्लिझर्ड म्हणतात.

आत्या: मग लोक तिकडून पळत असतील ना रे? तू तिकडेच चाललास?

मोठे काका: २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इकडे गारपिटीनं उभा गहू आडवा केला. तेव्हा नाही कोणी बघायला आलं.

चिंटू: काका, मी पाचवीत होतो 😅

दादा (डेन्व्हर): ओरडू नका त्याला, मीही केलाय हा उद्योग. १३ मार्च २०१९. सकाळी इथे साधा पाऊस. मी आणि रूममेट लायमनला निघालो, दीड तासाचा रस्ता. मोटेलात शिरलो आणि थोड्याच वेळात समोरचा पेट्रोल पंप गायब. बर्फ वरून पडतच नव्हता, आडवा धावत होता. लॉबीच्या दाराच्या फटीतून पिठासारखा आत येऊन पायपुसण्यावर त्याची बारीक रांगोळी व्हायची. दुसऱ्या दिवशी गाडीची एक बाजू आरशापर्यंत पुरलेली आणि दुसऱ्या बाजूला कोरडं डांबर! त्या दिवशी डेन्व्हर विमानतळावर ताशी जवळजवळ १३० किमीचा झोत मोजला होता.

चिंटू: बॉम्ब सायक्लोन! वादळाच्या मध्यभागी हवेचा दाब २४ तासांत २४ मिलीबार घसरला की त्याला हे नाव.

आत्या: आता बॉम्बपण का?

दादा: नाव आहे गं नुसतं. रॉकीज डोंगररांगांच्या पूर्वेला कमी दाब तयार होतो, तो मेक्सिकोच्या आखाताची वाफ आणि कॅनडाची थंडी दोन्ही ओढतो. मध्ये अडवायला ना डोंगर, ना झाडी. पण चिंट्या, शनिवारी निघायचं नाही. शुक्रवारी दुपारीच पोच.

चिंटू: शुक्रवारी लॅब आहे रे. चार-साडेचार तासांचं तर अंतर आहे.

दादा: लॅब बुडव, नाहीतर घरी बस. हायवेला फाटक असतं, रेल्वेसारखं. ते पडलं की संपलं. त्या दिवशी हजारावर गाड्या अडकल्या, नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्य, बोलवावं लागलं. अडकलेल्याला मदत करणाऱ्या एका हायवे पोलिसाला दुसऱ्या गाडीनं उडवलं. गेला तो. आपण मजा बघायला गेलो होतो, हे मला नंतर फार लागलं.

मोठे काका: आणि गुरं?

दादा: हाच तिकडे वासरं होण्याचा मोसम, काका. ओला बर्फ अंगावर गोठतो. बरीच दगावतात.

मोठे काका: हं.

चिंटू: बरं. शुक्रवारी निघतो. पण अडकलोच तर?

दादा: गाडी सोडून चालायला लागायचं नाही, दहा पावलांवर रस्ता चुकतो. इंजिन अधूनमधूनच चालू ठेव. त्याआधी मागच्या धुराच्या नळीवरचा बर्फ काढ, नाहीतर विषारी गॅस आत येतो. टाकी फुल, ब्लँकेट, पाणी.

आत्या: आणि मागे पाठवलेले डिंकाचे लाडू. उरले असतील तर.

चिंटू: उरलेत 🙈 मोटेलला फोन करतोय. कुठली खोली मागू?

दादा: उत्तरेकडच्या खिडकीची. वारा तिकडूनच येतो.

आत्या: अरे, मग थंड नाही का लागणार?

दादा: त्यासाठीच तर चाललाय तो.