‘हेक्स प्लीटिंग’मधलं प्लीट : चुणी, निरी की प्लेट?

घडीरेघ : षट्कोनी ओरिगामीच्या, म्हणजे ‘हेक्स प्लीटिंग’च्या, सूचना मराठीत लिहितेय. जाळी समभुज त्रिकोणांची, रेघा ०, ६० आणि १२० अंशांवर. डोंगरघडी (धार वर) आणि दरीघडी (धार खाली) यांची जोडी घालून कागदाचा एक पट्टा दुसऱ्यावर बसतो, त्या प्लीटला मी ‘चुणी’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी ‘निरी’ केलं. बरोबर काय?

शिवणटीप : चुणी नकोच. चुण्या दोऱ्यावर ओढून गोळा करतात, त्यांना माप नसतं. इथे एक रांग (जाळीतल्या त्रिकोणाची उंची) खोल प्लीट नेमका दोन रांगा कागद खातो. मोजून घातलेल्या घडीला शिंपी ‘प्लेट’ म्हणतात. तेच लिहा.

अनुस्वार : आणि वाचकाने बशी समजावी? शाळेच्या भूगोलात ‘वली पर्वत’ आहेत. ‘वली’ घ्या, वलीकरणही आयतं मिळतं.

शिवणटीप : ती वळी गोलाईची. इथे धार नखाने दाबतात.

निरगाठ : निरीच. ‘चुणणे’ हिंदी चुनना-चुन्नटच्या घरातलं, असं माझं मत.

अनुस्वार : म्हणून ते मराठी नाही? आजीच्या तोंडी चुणीच असायची.

तिरपीजाळी : पण निऱ्या एकाच दिशेने जातात. इथे तीन दिशांच्या निऱ्या १२० अंशांवर भेटतात आणि मध्ये त्रिकोण फिरून बसतो. त्याला मी ‘पीळ’ म्हणते. खरा घोळ मात्र ‘घर’ या शब्दाने होतो. कागदी कीटकाचा ‘सहा घरांचा पाय’ म्हणजे किती लांब? ओरिगामीकार रॉबर्ट लँग यांच्या पद्धतीत अशा पायासाठी कागदावर षट्कोनी जागा देतात. पायाची लांबी केंद्रापासून बाजूपर्यंतचं लंब अंतर, कोपऱ्यापर्यंतचं नव्हे. त्रिकोणाची बाजू १ सेंमी असेल तर सहा रांगा ५.२ सेंमी भरतात. ६ धरलेत तर पाय आखूड पडेल. म्हणून बाजूला ‘घर’, उंचीला ‘रांग’.

घडीरेघ : मग चौरस कागदावर जाळी कशी बसवायची?

तिरपीजाळी : रुंदीत १३ घरं, उंचीत १५ रांगा. एक रांग म्हणजे ०.८६६ घर, म्हणून १५ × ०.८६६ = १२.९९, हा फरक घडीत जिरतो. बारीक हवी तर २६ आणि ३०. आधी कागदाची उभी मधली घडी घाला. मग खालचा उजवा कोपरा त्या रेघेवर आणा, घडी खालच्या डाव्या कोपऱ्यातून जाऊ द्या. खालची कड आता ६० अंशांवर येते, तिच्या कडेने रेघ मारा. भागांच्या खुणा पट्टीने करा. तिन्ही दिशांच्या रेघा एका बिंदूत न मिळता मध्ये बारीक त्रिकोण उरला, तर पीळ सपाट बसत नाही, कागद तिथेच फुगतो.

शिवणटीप : एवढं करून षट्कोनच का? चौकोनी जाळी सोपी.

तिरपीजाळी : कागद वाचतो. n लांबीच्या पायाला चौकोन ४n² जागा घेतो, षट्कोन साधारण ३.४६n².

अनुस्वार : चौकोनी जाळीच्या पद्धतीला जपानीत ‘जाबारा’ म्हणतात, कॅमेऱ्याच्या भात्यालाही हाच शब्द. मग सरळ ‘भाताघडी’ का नको?

निरगाठ : भाता ताणला की उघडतो. पिळात अडकलेली निरी उघडत नाही.