सुपरहीटरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आधी उडायला हवा, पण सेट शेवटी करायचा

एकांनी विचारलंय, बॉयलरच्या सुपरहीटरचा (वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांचा) सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे दाब वाढला की आपोआप उघडून (आमच्या भाषेत 'उडून') वाफ सोडणारा, सर्वांत कमी दाबावर का ठेवतात. ड्रमचा (पाणी आणि वाफ वेगळी होते त्या टाकीवरचा) आधी उडाला तर वाफ तिथूनच बाहेर जाते, सुपरहीटरच्या नळ्यांतला प्रवाह घटतो आणि भट्टीची आच मात्र तशीच राहते. नळ्या भाजतात. म्हणून आधी सुपरहीटरचाच उडायला हवा.

सेटिंगचा, म्हणजे कोणता कितीला उडेल ते जुळवण्याचा, क्रम मात्र उलटा. ड्रमवरचा सर्वांत जास्त दाबाचा आधी, बाकीच्यांना गॅग (उडू नयेत म्हणून व्हॉल्व्हच्या दांड्यावर आवळायचा स्क्रू). मग उतरत्या क्रमाने खाली.

आमच्या सोलापूर जिल्ह्यात अग्निप्रदीपन (हंगामासाठी बॉयलर पेटवणं) झालं की गाळपाची घाई सुटते आणि हे काम उरकलं जातं. मी साखर कारखान्याच्या को-जनवर (सहवीजनिर्मिती प्रकल्पावर) हे पाहिलंय, म्हणून कळकळीने सांगतो: गॅग थंड बॉयलरवर आवळू नका. स्पिंडल (व्हॉल्व्हचा दांडा) तापून लांबतो, त्याला जागा मिळत नाही, तो वाकतो. दाब सेटिंगच्या जवळपास ऐंशी टक्क्यांवर आला की हातानेच लावा, पाना नको. काम संपताच दाब उतरायच्या आत काढा, आणि किती लावले, किती निघाले ते मोजा. एक जरी राहिला तरी तो व्हॉल्व्ह नसल्यातच जमा.

ब्लोडाउन रिंगबद्दल (उडालेला व्हॉल्व्ह किती दाब उतरल्यावर बसेल ते जुळवणारी रिंग) उद्या सविस्तर लिहितो.