‘२८ इयर्स लेटर’ : मध्यंतरानंतर प्रेक्षक का दुरावले?

प्रश्न (जुळे सोलापूर)

सूचना : पुढे कथानक शेवटापर्यंत उघड केले आहे. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबावे.

नमस्कार. डॅनी बॉईल यांनी दिग्दर्शित केलेला आणि ॲलेक्स गारलंड यांनी लिहिलेला ‘२८ इयर्स लेटर’ जून २०२५मध्ये लागला, तेव्हा मी तो सोलापुरातच रात्रीच्या खेळाला पाहिला. माणसांना हिंस्र करून सोडणाऱ्या विषाणूने ब्रिटन ग्रासले आहे आणि काही निरोगी माणसे एका बेटावर तग धरून आहेत, अशी ही भयकथा. बरोबर अभियांत्रिकीला असलेला भाचा आणि त्याचे तीन मित्र होते. २००२चा मूळ चित्रपट, ‘२८ डेज लेटर’, मी विद्यार्थिदशेत भाड्याने आणलेल्या सीडीवर पाहिला होता आणि त्यातले निर्मनुष्य लंडन आजही डोळ्यांसमोर आहे, त्यामुळे माझी उत्सुकता मुलांपेक्षा जास्त होती.

चित्रपट एकशे पंधरा मिनिटांचा आहे. आमच्या चित्रपटगृहाने मध्यंतर टाकले ते नेमके बारा वर्षांचा स्पाइक आजारी आईला घेऊन बेटाबाहेर पडतो तिथे. तोवर प्रेक्षागृह अक्षरशः श्वास रोखून बसले होते. ओहोटीच्या वेळीच उघडी पडणारी ती दगडी वाट, भरतीचे पाणी चढत असताना तिच्यावरून जीव खाऊन धावणारे बाप-लेक आणि मागून येणारा तो धिप्पाड ‘अल्फा’, म्हणजे बाधितांमधला सर्वांत ताकदवान, या दृश्याला माझ्या पुढच्या रांगेतला एक मुलगा खुर्चीच्या हातावर पाय घेऊन बसला होता. मध्यंतरानंतर मात्र हीच मंडळी मोबाइल काढू लागली. अंगभर आयोडीन फासलेला डॉक्टर केल्सन पडद्यावर आला तेव्हा कोणीतरी ओरडले, “हळद लागली की रे ह्याला!” आणि सगळे प्रेक्षागृह हसले. मी स्वतःही हसलो, हे कबूल करतो. आईच्या मृत्यूच्या वेळी शांतता होती, पण ती गुंतल्याची की कंटाळल्याची हे मला अंधारात समजले नाही. शेवटी पिवळ्या केसांची ती टोळी उड्या मारत आली आणि लोक हसत, वैतागत, “पैसे गेले” म्हणत उठले.

परदेशातही असेच झालेले दिसते. समीक्षकांनी चित्रपट उचलून धरला, पण सामान्य प्रेक्षकांचा कौल त्यांच्यापेक्षा बराच खाली राहिला, आणि अमेरिकेत पहिल्या दिवशी बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून घेतल्या जाणाऱ्या सिनेमास्कोअरमध्ये त्याला ‘बी’ श्रेणी मिळाली. माझा प्रश्न असा की, हा दुरावा चित्रपटाच्या रचनेतल्या दोषामुळे आला की प्रेक्षक भलतीच अपेक्षा घेऊन गेल्यामुळे? आपापल्या अनुभवासह लिहावे.

उत्तर (विजापूर रोड)

अपेक्षा आपोआप तयार होत नाही, ती विकली जाते. डिसेंबर २०२४मध्ये आलेली पहिली झलक आठवून पाहा. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगच्या ‘बूट्स’ या कवितेचे १९१५चे ध्वनिमुद्रण, त्यातला तो पावलांच्या ठेक्यावर चढत चढत किंचाळीपर्यंत जाणारा आवाज, आणि त्यावर भराभर सरकणारी दृश्ये. मी ती झलक त्या आठवड्यात दहा वेळा तरी पाहिली असेल. तिने वचन दिले ते निव्वळ भयाचे. त्यात हाडांचे मनोरे होते, पण ते एखाद्या क्रूरकर्म्याचे असावेत असे वाटत होते. प्रत्यक्षात तो मनोरा बांधणारा माणूस, म्हणजे डॉक्टर केल्सन, अख्ख्या चित्रपटातला सर्वांत दयाळू माणूस निघतो.

त्याच झलकेतल्या एका हडकुळ्या बाधिताला पाहून तो मूळ चित्रपटाचा नायक सिलियन मर्फीच आहे अशी आवई उठली. तो दुसराच कलाकार होता. मर्फी या चित्रपटाच्या निर्मात्यांच्या यादीत आहे, पडद्यावर मात्र नाही. माझे दोन मित्र केवळ त्याच्यासाठी तिकीट काढून आले आणि शेवटपर्यंत “आता येईल, मग येईल” करत बसले. अशा प्रेक्षकाला आईचे दुःख कसे भिडणार?

उत्तर (नवी पेठ)

मी लग्नाचे चित्रीकरण करतो, त्यामुळे माझे लक्ष आधी कॅमेऱ्याकडे गेले. मूळ चित्रपटाचा बराच भाग कॅननच्या एक्सएल-१ वर, म्हणजे मिनी-डीव्ही कॅसेटच्या कॅमेऱ्यावर झाला होता. तसल्या कॅसेटवर आम्हीही तेव्हा मंगल कार्यालयांतून लग्ने टिपत होतो. पहाटेच्या लंडनमध्ये रस्ता काही मिनिटांपुरताच मोकळा मिळायचा, आणि तेवढ्यात पटकन मांडून पटकन उचलता येईल असा कॅमेरा हवा होता. तो खरखरीत, फुटका दिसणारा पडदा गरजेतून आला आणि नंतर त्याचीच शैली झाली. नव्या चित्रपटात पुष्कळसे काम आयफोन १५ प्रो मॅक्सवर, त्याला वेगळी भिंगे लावून केले आहे. एका चौकटीत तर वीस फोन कमानीसारखे बसवले होते. बाण लागतो त्या क्षणी चित्र थिजते आणि नजर त्या देहाभोवती गर्रकन फिरते, ती ही करामत आहे.

आता प्रेक्षकांची बाजू. माझ्या मागचे गृहस्थ बायकोला सांगत होते, “मोबाइलवर काढलाय म्हणे, मग मोबाइलवरच बघितला असता.” चित्राची चौकट २.७६ : १, म्हणजे फारच रुंद आहे. आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या पडद्यावर त्यामुळे वर-खाली काळे पट्टे राहतात, आणि अर्धा पडदा वाया गेल्यासारखा वाटून लोक कुरकुरतात. पहिल्या भागात ती रुंदी उपयोगी पडते, कारण धोका कडेच्या कोणत्या कोपऱ्यातून येईल ते कळत नाही. दुसऱ्या भागात दोन-तीन माणसे शेजारी बसून बोलतात, तिथे मात्र मला चौकट ओकीबोकी वाटली. म्हणून चित्रपट घसरला असे मी म्हणणार नाही. पण पकड सैल झाली ती काही अंशी डोळ्यांनाही जाणवली असणार.

उत्तर (होटगी रोड)

सगळा दोष झलकेवर आणि मध्यंतरावर ढकलून आपण लेखकाला फुकट सोडत आहोत. मालिकेतला दुसरा चित्रपट ‘२८ वीक्स लेटर’ (२००७) संपतो तेव्हा बाधित पॅरिसपर्यंत पोहोचलेले दिसतात. नव्या चित्रपटात सुरुवातीच्या मजकुरात एका ओळीत सांगून टाकले आहे की युरोपातून विषाणू मागे रेटला गेला आणि ब्रिटन तेवढे वाळीत टाकले गेले. अठरा वर्षे थांबलेल्या प्रेक्षकाची ही बोळवण झाली. २००२च्या चित्रपटात बाधित अन्नावाचून मरतात हाच सुटकेचा आधार होता. तिथला मेजर एका बाधिताला साखळीने बांधून ठेवतो तो उपासमारीने किती दिवसांत मरतो हे पाहण्यासाठी. इथे अठ्ठावीस वर्षांनंतर सरपटणारे बाधित गांडुळे खातात आणि धावणारे हरणे मारतात. ठीक आहे, जगायला शिकले असे मानू. पण बाधित स्त्रीच्या पोटी निरोगी बाळ जन्मते, आणि त्याचा खुलासा वारेची किमया एवढ्यावरच आटोपतो, तेव्हा माझा विश्वास उडाला. पहिल्या तासात कडक नियम शिकवायचे आणि दुसऱ्या तासात ते मोडायचे, याला मी अपेक्षाभंग म्हणत नाही, फसवणूक म्हणतो.

शेवटच्या टोळीबद्दल मात्र जरा न्याय करायला हवा. चमकदार ट्रॅकसूट, पिवळे केस, गळ्यात दागिने हा अवतार जिमी सॅव्हिल या ब्रिटिश दूरचित्रवाणी निवेदकाचा आहे. त्याने मुलांवर केलेले अत्याचार त्याच्या मृत्यूनंतर, २०१२मध्ये, जगासमोर आले. चित्रपटातले ब्रिटन २००२लाच जगापासून तुटले, म्हणजे तिथे तो अजून मुलांचा लाडकाच आहे. ही गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे. पण ती ज्याला ठाऊक नाही त्याला फक्त उड्या मारणारी विदूषकांची टोळी दिसते. सोलापुरातला प्रेक्षक हसला यात त्याची काही चूक नाही.

उत्तर (कंबर तलाव)

मी निवृत्त शिक्षिका आहे. मुलीने आग्रह केला म्हणून घरी पाहिला, मध्यंतराशिवाय. मला हा चित्रपट दोन तुकड्यांचा वाटला नाही. पहिला अर्धा बापाचा आहे आणि त्यात मुलाला मारायला शिकवले जाते; दुसरा आईचा आहे आणि त्यात माणसाने मरावे कसे ते दाखवले आहे. बाप मुलाच्या पहिल्या शिकारीच्या बढाया साऱ्या गावासमोर मारतो, पण घरातल्या आजारी बाईकडे त्याला बघवत नाही. मुलाला बापाचा खोटेपणा उमगतो त्या मेजवानीच्या दृश्यातच चित्रपट वळतो. तुमच्या चित्रपटगृहाने मध्यंतर नेमके या वळणावर टाकल्यामुळे लोक नव्या गोष्टीत जुनी शोधत बसले असावेत.

माझ्या सासूबाई त्यांच्या आईकडून ऐकलेल्या प्लेगच्या गोष्टी सांगत. घरात उंदीर पडला की चूल तशीच टाकून रानात झोपडी घालायची, आणि कोण कुठे गेले याचा महिनोन्महिने पत्ता नसायचा. मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपर्यंत न्यायचा आणि पलीकडे ढकलून परत फिरायचे, मग पुढच्या गावाचे काय व्हायचे ते होवो. त्या बेटाचा फाटक आणि भरतीचे पाणी पाहताना मला हा गाडाच आठवला. बाहेर गेलेला परतला नाही तर त्याला शोधायला कोणी जायचे नाही, हा त्यांचा नियमही त्याच जातीचा आहे.

आता हाडांच्या मंदिराविषयी. २०२१च्या एप्रिलमध्ये आमच्या थोरल्या दिरांचे करोनाने निधन झाले. आम्हांला पांढऱ्या पिशवीत बांधलेले काहीतरी लांबून दिसले, एवढेच. तोंड पाहिले नाही, पाणी पाजले नाही. केल्सन प्रत्येक कवटी स्वच्छ करून मांडतो, आणि ती बाधिताची की धडधाकट माणसाची असा भेद करत नाही. मुलगा आईची कवटी छातीशी धरून तो मनोरा चढतो आणि तिचे तोंड उगवतीकडे करून सर्वांत वर ठेवतो, तेव्हा मी मुलीला रिमोट मागितला आणि चित्र थोडा वेळ थांबवून ठेवले. चित्रपटगृहात ती सोय नसते. चार अनोळखी माणसांत, हातात पॉपकॉर्न असताना, असे दृश्य कुठे ठेवायचे हेच माणसाला कळत नाही.

होटगी रोडकरांचा वारेचा आक्षेप मला मान्य आहे. तिथे लेखकाने हात टेकले आहेत.

प्रश्नकर्ता (जुळे सोलापूर)

सर्वांचे आभार. मेजवानीच्या दृश्याकडे मी तेव्हा नीट लक्षच दिले नव्हते. काल रात्री तेवढे पुन्हा पाहिले. बापाने ओरडून सांगितलेला प्रत्येक तपशील खोटा आहे, आणि मुलगा दर वाक्याला थोडा थोडा मागे सरकतो.

शिक्षिकाबाईंचा अभिप्राय मी भाच्याला वाचून दाखवला आणि त्याला विचारले की त्या दृश्याला तुम्ही चौघे इतके गप्प कसे होता. हळदीची आरोळी त्याच्याच मित्राची होती, हे मला आत्ता कळले. तो म्हणाला, “मामा, आवडलं होतं की. पण पोरं शेजारी बसलेली, तिथं रडायचं का काय?” निया डकोस्टा यांनी दिग्दर्शित केलेला पुढचा भाग, ‘द बोन टेंपल’, जानेवारी २०२६मध्ये प्रदर्शित झाला, अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी त्याला अधिक चांगली श्रेणी दिली आणि तरी गर्दी आधीपेक्षा कमीच झाली. तो बघायला बरोबर येणार का, असे मी विचारले. भाच्याने तो आधीच पाहिला आहे म्हणे, वसतिगृहाच्या खोलीत, दार लावून, कानांत हेडफोन घालून, एकट्याने.